फोटोवर 'प्रतिसाद' लिहायचा म्हणजे नेमकं काय लिहायचं? (माझा गुऱ्हाळाचा फोटोपण टाकलाय)

रंकाळाकाठ:

नमस्कार. मी कोल्हापूरची, यावर्षी फोटोग्राफीच्या डिप्लोमाला ॲडमिशन घेतली. कॅमेरा दादाचा जुना, त्याच्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स, त्यावरच चाललंय सगळं. शटर, ॲपर्चर, आयएसओ हे पहिल्या दोन महिन्यांत हातात बसलं, त्याचं टेन्शन नाही. अडतंय ते कंपोझिशनला आणि त्याहून जास्त अडतंय ते दुसऱ्यांच्या फोटोंवर लिहायला.

आम्हाला दर शुक्रवारी एक फोटो निवडून त्यावर दीड-दोनशे शब्द लिहून द्यायचे असतात. मागच्या आठवड्यात मी फोटोग्राफर रघू राय यांचा चर्चगेट स्टेशनचा फोटो घेतला होता, तो गर्दीचा, ब्लॅक अँड व्हाइट. मी लिहिलं की यात लीडिंग लाइन्स (नजर आत नेणाऱ्या रेषा) छान वापरल्यात, रूल ऑफ थर्ड्स (चौकटीचे उभे-आडवे तीन भाग पाडून मुख्य गोष्ट त्या रेषांवर ठेवायची) आहे, ब्लॅक अँड व्हाइटमुळे वेगळाच मूड आलाय आणि मुंबईची गर्दी अगदी उत्तम टिपली आहे. सरांनी वही परत दिली तर खाली एकच ओळ होती, "यातलं कुठलं वाक्य दुसऱ्या फोटोला चालणार नाही ते दाखव." मी रात्री बसून खरंच एकेक वाक्य दुसऱ्या दुसऱ्या फोटोंना लावून बघितलं आणि सगळी वाक्यं सगळीकडे चालतायत. तेव्हापासून लिहायला बसलं की हातच चालत नाही.

दुसरं म्हणजे माझ्या स्वतःच्या फोटोत पण हेच होतंय असं मला वाटतंय. खाली जोडलाय तो मामाच्या गावच्या गुऱ्हाळातला, सकाळी साडेसातचा. गुळव्या मामा काहिलीत रस ढवळतायत, वाफ वर चाललीय, मागनं दारातून ऊन येतंय. मी त्यांना बरोबर रूल ऑफ थर्ड्सच्या उजव्या उभ्या रेषेवर घेतलंय, कॅमेऱ्यात त्या रेषांची ग्रिड लावूनच काढला. तरी फोटो बघताना काहीच वाटत नाही, आणि मी तिथं उभी होते तेव्हा मला केवढं वाटलं होतं. नियम पाळून असं का होतं? आणि दुसऱ्याच्या फोटोकडे बघायचं कसं हे कुणी शिकवेल का, अगदी पहिल्यापासून सांगितलं तरी चालेल.

सिल्व्हर_ब्रोमाइड:

पोरी, प्रश्न फार चांगला विचारलास आणि तुझ्या सरांनी जी ओळ लिहिली ती जपून ठेव. मी २९ वर्षं एका दैनिकात फोटोग्राफर होतो, त्यातली निम्मी तरी डार्करूमच्या लाल दिव्याखाली गेली, त्यामुळे थोडं लांबण लावतो, चालवून घे.

फोटो समोर आला की आवडला नावडला हे पहिली पाच मिनिटं तोंडातून काढायचं नाही. मूडबीड पण नाही. फक्त काय दिसतंय ते सांगायचं, साध्या नामांनी आणि क्रियापदांनी, जसं आपण फोनवर आंधळ्या आजीला सांगू तसं. तुझाच चर्चगेटचा फोटो घेऊ. १९९५चा आहे तो. त्यात काय दिसतं? माणसं वाहतायत, चेहरे पुसलेत, नुसत्या रेघा आणि धूर झालाय त्यांचा. आणि त्या लोंढ्यात मोजकी काही माणसं पेपर वाचतायत, ती जशीच्या तशी आहेत, स्पष्ट. बास, इथंच थांब आणि स्वतःला विचार की ही माणसंच का स्पष्ट आली. कुणी त्यांच्यावर वेगळा फोकस केलेला नाही. शटर बराच वेळ उघडं होतं, त्या वेळात जो हलला तो विरघळला आणि जो थांबला तो उरला. हेच शटर १/५०० सेकंदाला ठेवून काढलं असतं तर सगळी गर्दी सारखीच धारदार आली असती, पेपर वाचणारा माणूस त्या शेकडो डोक्यांत तुला सापडलाच नसता. म्हणजे त्या फोटोचं कंपोझिशन रेषांवर कमी आणि वेळेवर जास्त उभं आहे. फोटोग्राफरनं चौकटीत वेळ मांडलाय. आता हे वाक्य तू दुसऱ्या फोटोला लावून बघ, लागणार नाही.

मग पुढचा प्रश्न, की मला यातनं काय मिळालं. मी स्वतः बारा वर्षं रोज लोकलनं गेलो आलो, तेव्हा तो फोटो बघितल्यावर मला गर्दी दिसली नाही, मला दिसली ती घडी घातलेला पेपर नाकासमोर धरून माणूस स्वतःपुरती एक खोली बांधतो ती. तुला वेगळं काही दिसेल. ते तुझं असेल, आणि ते लिहायला तुला दोनशे शब्द कमी पडतील.

काँटॅक्ट शीटची सवय लाव. आमच्या वेळी ३६ फ्रेमचा रोल धुतला की सगळ्या निगेटिव्ह एका कागदावर शेजारी शेजारी छापायचो आणि भिंग डोळ्याला लावून लाल मेणपेन्सिलनं निवडायचो. त्यात कळायचं की चांगली फ्रेम ही एकदम आलेली नसते, तिच्या आधी चार फसलेल्या असतात आणि नंतर दोन उगाच काढलेल्या. तू गुऱ्हाळाची एकच फ्रेम टाकलीस. बाकीच्या कुठायत? त्यापण टाक, एकाखाली एक, डिलीट केल्या नसशील तर.

तीनपायी:

काकांनी बघण्याचं सांगितलं, मी तुझ्या फोटोबद्दल बोलतो. मी लग्नाची कामं करतो, त्यामुळे धूर, वाफ, मागनं येणारं ऊन आणि ऐनवेळी मध्ये येणारी माणसं यांच्याशी रोजचा संबंध आहे.

तुझा फोटो उघडल्यावर माझा डोळा सगळ्यात आधी कुठं गेला माहितीय का, डाव्या कडेला जो निळा प्लॅस्टिकचा ड्रम आहे अर्धा कापलेला, तिथं. गुळव्यावर नाही. कारण सगळा फोटो तपकिरी, काळा, पिवळा आहे आणि त्यात तेवढाच एक चकचकीत निळा. डोळा असाच चालतो, जे वेगळं आहे तिथं पहिल्यांदा जातो, तुझी ग्रिडची रेषा त्याला माहीत नसते. बरं तो ड्रम अर्धा कापलाय म्हणून डोळा तिथून चौकटीच्या बाहेरच जातो, परत आत यायला त्याला कारणच नाही. आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात कुणाचं तरी कोपर आहे बघ, नुसतं कोपर.

दुसरी गोष्ट, गुळव्या मामांचं डोकं आणि मागचा लाकडी खांब एकात एक मिसळलेत. दोन्ही काळे. प्रत्यक्षात तू तिथं उभी होतीस तेव्हा तुला दोन डोळे होते, खांब चार फूट मागं आहे हे तुला कळत होतं. कॅमेऱ्याला एकच डोळा, त्यानं खांब डोक्यातून उगवल्यासारखा केला. तुला तिथं केवढं वाटलं आणि फोटोत काही नाही याचं अर्धं उत्तर हे आहे, दुसरं अर्धं म्हणजे वास, उष्णता, फेसाचा आवाज हे सगळं तुझ्याजवळ होतं आणि फोटोत त्यातलं काहीच येत नाही, ते सगळं तुला नुसत्या उजेडानं आणि जागेनं भरून काढायचंय.

आता वाफ. वाफ दिसते कधी, मागनं ऊन आणि त्याच्याही मागं अंधार असेल तर. तुझ्या फोटोत वाफ बरोबर उघड्या दारासमोर आलीय, पांढऱ्यावर पांढरं, म्हणून ती गेली. दोन पावलं डावीकडं सरकली असतीस आणि जरा खाली बसली असतीस तर दार चौकटीच्या बाहेर, ऊन तिरपं आत, मागं काळी भिंत, आणि तो ड्रम तुझ्या पाठीमागं. हे सगळं पायांनी होतं, लेन्सनं नाही. मी नवीन पोरांना सांगतो की आधी बॅकग्राउंड निवडा, तिथं बसा, आणि माणूस त्याच्यापुढं यायची वाट बघा. गुऱ्हाळात तर सोपं आहे, माणूस काहिलीभोवती फिरतच असतो.

एक्स्पोजरला पण लक्ष दे. दारातल्या उजेडानं कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि माणूस पार काळा होतो, तेव्हा माणसाच्या चेहऱ्यावर किंवा हातावर स्पॉट मीटरिंग कर, म्हणजे फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोज. आणि पहाटेचा गार कॅमेरा एकदम तिथं नेलास तर काचेवर दव धरतं, दहा-पंधरा मिनिटं बॅगेतच राहू दे आत गेल्यावर. लेन्सवर एक साधा यूव्ही फिल्टर लाव कारण ती वाफ गोड असते, काचेवर चिकट थर बसतो आणि कोरड्या फडक्यानं पुसलास तर ओरखडे पडतात.

ड्रॉइंगचे_सर:

मी फोटोग्राफर नाही, हायस्कूलला चित्रकला शिकवतो. पण फोटो 'वाचायचा' कसा यावर एक गोष्ट सांगावीशी वाटते.

आमची पोरं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांना बसतात, त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो, तुम्ही पण दिला असेल कदाचित. त्याची तयारी म्हणून मी एकदा आठवीच्या वर्गात फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँचा तो पॅरिसचा प्रसिद्ध फोटो दाखवला, १९३२चा, सँ-लाझार स्टेशनच्या मागं साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय, टाच पाण्याला टेकायला केसभर अंतर बाकी आहे. दोन मिनिटं बघू दिलं, मग झाकला आणि आठवेल तसं चौकोनात काढा म्हटलं, रेघोट्या चालतील.

एका मुलानं उडी मारणारा माणूस दोनदा काढला. एक मोठा पुढं, एक लहान मागं. मी त्याला म्हटलं अरे माणूस एकच आहे, तर तो म्हणाला, "नाही सर, मागं पण एक उडी मारतोय, उलट्या बाजूला." मी फोटो परत उघडला. मागच्या भिंतीवर एक पोस्टर चिकटवलंय, त्यात नर्तकाची आकृती आहे, अगदी त्याच पोझमध्ये, तोंड दुसरीकडं. मी तो फोटो कित्येक वर्षं वर्गात दाखवत आलो होतो आणि मला ती आकृती दिसली नव्हती. त्या मुलाला दिसली कारण त्याला कुणी 'डिसायसिव्ह मोमेंट' (नेमका पकडलेला क्षण) हा शब्द शिकवला नव्हता, त्यानं फक्त बघितलं होतं.

तर तू हे कर. फोटो निवड, दोन मिनिटं बघ, झाक, आणि पेन्सिलीनं काढ. चित्र चांगलं यायची गरज नाही, डब्बे आणि गोळे काढलेस तरी पुरे. मग फोटो उघडून ताडून बघ. जे तू काढायला विसरलीस त्याची यादी कर, जे मोठं काढलंस पण फोटोत लहान आहे त्याचीपण कर. ती यादी म्हणजेच तुझा प्रतिसाद आहे, त्यात वाक्यं आपोआप येतात. आणि स्वतःच्या फोटोला हेच करायचं असेल तर तो उलटा धरून बघ, वरचं खाली. उलटा धरला की माणूस माणूस राहत नाही, नुसते आकार आणि गडद-फिके ठोकळे राहतात आणि तीनपायी यांनी म्हटलेला ड्रम लगेच ओरडायला लागतो.

टेकडीवरून:

सगळ्यांशी सहमत, फक्त नियमांवर सगळा राग निघू नये म्हणून लिहितेय. हा रूल ऑफ थर्ड्स म्हणजे तिसऱ्या भागाचा नियम काही कॅमेऱ्याबरोबर आलेला नाही, जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांबद्दल लिहिताना मांडला, म्हणजे फोटोग्राफीचा जन्मसुद्धा झालेला नव्हता. तेव्हा तो आभाळ आणि जमीन, उजेड आणि सावली यांच्या वाटणीबद्दल होता, एकाला दुसऱ्यापेक्षा जास्त जागा द्या म्हणून. माणूस नेऊन रेषेवर चिकटवा असं त्यात नव्हतं. मला तो जिन्याच्या कठड्यासारखा वाटतो, अंधारात हात लावायला बरा. मी सुरुवातीला दोन वर्षं ग्रिड लावूनच काढले फोटो आणि मला त्याचा फायदाच झाला, निदान सगळं मध्यभागी ठेवायची सवय गेली.

दुसरं, काकांनी काँटॅक्ट शीटचं म्हटलं त्यावर. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा १९३६चा तो स्थलांतरित आईचा फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो, कॅलिफोर्नियात निपोमोला मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काढलेला. त्याच्या आधीच्या फ्रेम्स पण उपलब्ध आहेत, त्या नक्की शोधून शेजारी शेजारी ठेवून बघ. लांबून सुरुवात आहे, सगळा तंबू दिसतो, सामान दिसतं, मोठी मुलगी दिसते. मग लँग एकेक पाऊल जवळ येत गेलीय आणि प्रत्येक पावलाला काहीतरी चौकटीबाहेर गेलंय. शेवटच्या फोटोत तंबू जवळजवळ नाहीच, दोन मुलांनी तोंडं फिरवलीत, मांडीवर तान्हं, आणि आईचा हात गालाजवळ. मुलांचे चेहरे दिसत नाहीत म्हणून आपण आईच्याच चेहऱ्यावर अडकतो. मला कंपोझिशन म्हणजे काय हे त्या पाच-सहा फ्रेम्सनी जेवढं शिकवलं तेवढं दुसऱ्या कशानंच नाही.

आणि अजून एक, हे माझ्या मनाला लागलेलं आहे. त्या बाईंचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्सन, पण ते जगाला १९७८ साली कळलं. ४२ वर्षं चेहरा सगळीकडे छापला जात होता आणि नाव कुणाला माहीत नव्हतं. त्यामुळे माणसाच्या फोटोवर लिहिताना मी आधी हा माणूस कोण, त्याला फोटो काढलेला माहीत होता का, हे शोधते. तू गुळव्या मामांना फोटो दाखवलास का?

रंकाळाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार, मी प्रत्येक उत्तर दोन-तीनदा वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं. उशीर झाला उत्तर द्यायला कारण म्हटलं आधी करून बघावं.

फोटो उलटा धरला आणि खरंच मला निळ्याशिवाय काही दिसेना. बाकीच्या फ्रेम्स सगळ्या मिळून अकरा निघाल्या, त्यातल्या नऊ तर उभ्या जागेवरून एकाच उंचीवरनं काढलेल्या, मी हललेच नव्हते. ताई तुमचा प्रश्न वाचून वाईट वाटलं कारण मी मामांना फोटो दाखवला नव्हता, नुसतं "काढू का" विचारून काढला आणि निघून आले.

म्हणून रविवारी परत गेले. या वेळी पहिला अर्धा तास कॅमेरा बाहेर काढलाच नाही, चिपाडं रचली होती त्याच्यावर बसून राहिले. मामांनीच मग विचारलं काय बघतीस म्हणून. मी म्हटलं कुठला फोटो काढू कळत नाहीये. ते म्हणाले ढवळतानाचा काय काढतीस, ढवळायला कोणपण ढवळतं, गोळी बघताना काढ, तिथं गूळ ठरतोय. म्हणजे पाक झाला का ते बघायला ते त्यातलं जरासं थंड पाण्याच्या वाटीत सोडतात आणि बोटांनी वळून बघतात, गोळी वळली की काहील लगेच उतरवायची, थोडा उशीर झाला तर काहिलीतला सगळा गूळ बिघडतो. त्या वेळी सगळे गप्प असतात. जाळ घालणारा हात थांबवून बघत असतो, बाकीचे दोघं काहिलीच्या कड्यांना हात लावून उभे, आणि सगळ्यांचे डोळे त्या वाटीकडं. मी पहिल्यांदा आले तेव्हा हे माझ्यासमोर दोनदा तरी घडलं असणार आणि मी ग्रिड बघत बसले होते.

मी खाली बसून काढला, काळी भिंत मागं धरून. वाटी आणि बोटं पुढं, मागं तीन चेहरे जरा धूसर पण सगळे एकाच दिशेला बघणारे. ऊन पाण्यावर पडलंय. या वेळी ३४ फ्रेम झाल्या, खाली सगळ्या टाकल्यात ओळीनं, मला २७वी वाटतेय.

चर्चगेटवरचा प्रतिसादपण परत लिहिला, आधी स्मरणचित्र काढलं. मी गर्दीची माणसं मोजून काढायला गेले आणि काढताच येईनात, कारण त्यांना कडाच नाहीत. पेपरवाल्यांना मात्र लगेच काढलं आणि फोटोत आहेत त्यापेक्षा मोठं काढलं. मग तेच लिहिलं, की हा फोटो मला गर्दीबद्दल वाटत होता पण माझ्या हातानं गर्दी काढलीच नाही, जो थांबला तोच काढला. आणि लिहिलं की मला आमच्या आजोबांची आठवण आली, ते एसटी स्टँडवर गाडी लागेपर्यंत असाच पेपर वाचायचे आणि गाडी लागली हे त्यांना आम्ही सांगायला लागायचं. सरांनी वही परत दिली, खाली काही लिहिलं नव्हतं, फक्त आजोबांच्या वाक्याखाली रेघ मारली होती.

सिल्व्हर_ब्रोमाइड:

२७ नको, २९ घे. २७ मध्ये उजवीकडच्या माणसानं तुझ्याकडं बघितलंय, त्याची नजर सुटली की वाटीवरचा ताण सुटतो. २९ मध्ये चौघांचीही नजर वाटीत आहे आणि बोटांमधून पाण्याचा थेंब सुटलाय तो उन्हात आलाय, भिंग लावून बघ. आणि डावीकडून बोटभर कापायचा मोह होईल तुला, कापू नकोस. ती रिकामी काळी जागा आहे म्हणून ते सगळे गप्प आहेत हे कळतं.

फार समाधान वाटलं हे सगळं वाचून, खरंच सांगतो.

रंकाळाकाठ:

काका खरंच, २९ मध्ये थेंब आहे! मला दिसलाच नव्हता. पुढच्या रविवारी चौघांसाठी प्रिंट घेऊन जाणार आहे. कुठला कागद घेऊ? दुकानात ग्लॉसीच घ्या म्हणतायत, रंग उठून दिसतात म्हणे.

तीनपायी:

मॅट घे, ५ बाय ७ पुरे. तिथं सगळ्यांचे हात गुळाचे असतात, ग्लॉसीवर एका बोटात ठसा उठतो आणि मग निघत नाही. आणि मागच्या बाजूला चौघांची नावं आणि तारीख लिही, बॉलपेननं नको, दाबल्यावर पुढं उठतं, साध्या पेन्सिलीनं लिही.